‘भ’च्या खणातलं कार्ड

आदरणीय काका,

तुमच्या जुन्या नाट्यकागदांच्या खोलीतून घरी येऊन चार दिवस झाले, तरी ते कार्ड डोळ्यांपुढून हलत नाही. तोंडावर बोलायला जमलं नाही, म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचलं तरी चालेल.

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, गायक-नट केशवराव भोसल्यांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, कोल्हापूरचं त्यांच्या नावाचं नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं पॅलेस थिएटर ते. आजोबांनी तिथे वर्षानुवर्षं विंगेत उभं राहून पडदा ओढला. इमारत पुन्हा बांधता येईल, पण आजोबा तिथे होते हे सांगणारा कागद कुठे शोधायचा?

एका ठिकाणी तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला उत्तर मिळालं, “आम्ही कलाकारांचीच माहिती ठेवतो.” तेही उभ्याउभ्याच. दुसरीकडे जुनी हँडबिलं चिकटपट्टीनं जोडून ठेवलेली. पट्टी पिवळी पडली होती आणि तिच्याखालची अक्षरं तपकिरी डागात गेली होती. जपायचं म्हणूनच केलं असणार कुणीतरी!

शेवटी तुमच्याकडे आलो. तुम्ही दारातच म्हणालात, “हात धुवा, कोरडे करा, मग बसा की निवांत. चहा नंतर.” मग नटांनी पाठांतरासाठी उतरवलेल्या संवादांच्या नकला आणि हिशोबाच्या वह्या निघाल्या. तिसऱ्या वहीत आजोबा सापडले. नाव, पुढे ‘पडदा’, आणि नाइटचे, म्हणजे प्रयोगाचे, पैसे. बस्स, एवढंच.

मला एवढंही पुष्कळ होतं. तुम्ही मात्र कोरं कार्ड काढलंत, पेन्सिलीनं आजोबांचं पूर्ण नाव लिहिलंत, वहीचा पान नंबर टाकलात, आणि लाकडी खणात ‘भ’मध्ये सरकवलंत. आमचंही आडनाव ‘भ’चंच. पुढे केशवराव भोसल्यांचं कार्ड होतं. मी विचारलं, पडदेवाल्यांचा खण वेगळा नाही का? तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, “पडदा उघडल्याशिवाय नाटक सुरू होतं व्हय?”

काका, मोठेपणा असा मुळाक्षरांच्या क्रमात बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला. अशी माणसं बहुधा लहान खोल्यांतच भेटतात, पाटी नसलेल्या.

आईला ट्रंकेत आजोबांचा एक फोटो सापडलाय, विंगेतला, हातात दोर धरलेला. पुढच्या रविवारी घेऊन येतो. चिकटपट्टी लावलेली नाही.

तुमचा,
पडदेवाल्यांचा नातू