विहीर खारट झाली

प्रिय दिग्या,

शिव्या नंतर घाल, आठ महिने पत्र नाही की फोन नाही, कबूल. माझं बीपी ठीक, आईचे गुडघे आहेत तसेच. लिहायचं कारण, आपली विहीर खारट झाली रे.

आधी साबणाला फेस येईना तर बायकोला म्हटलं स्वस्तातला आणलास. मग डाळ शिजेना. मग परवा एका पाहुण्याने विचारलं, तुमच्याकडे चहात मीठ घालतात का, आणि मी चक्क हो म्हणालो, मालवणी पद्धत आहे! हस मेल्या. रात्री सगळे झोपल्यावर बादली काढली, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकलो. त्याच कठड्यावर, जिथे आपण मॅच हरून आलो की घटाघटा प्यायचो.

देवबाग म्हणजे काय तुला सांगायला नको, इकडे कर्ली नदी, तिकडे दर्या, मध्ये वाळूची पट्टी. गोडं पाणी म्हणजे वाळूत मुरलेला पाऊस, तो खाऱ्यावर तरंगतो कारण खारं साधारण अडीच टक्के जड. तूच कागदावर काढून दाखवलं होतंस, समुद्राच्या पातळीच्या वर १ फूट गोडं असेल तर खाली ४० फूट असतं, म्हणजे वरचं १ फूट उपसलं की खालून खारं ४० फूट चढायला बघतं. आणि मी म्हणालो, पुण्याला जाऊन शहाणा झालास. वर तीन महिने अबोला. मग पर्यटकांसाठी चार खोल्या काढल्या, दीड एचपीची मोटर बसवली, मे महिन्यात पाणी कमी पडलं तर विहिरीत आणखी दोन रिंगा उतरवल्या, म्हणजे खाऱ्याच्या दारातच जाऊन बसलो की! आजी रहाटाने काढायची ते वरवरचं निघायचं, साय काढल्यासारखं.

आता मोटर बंद, टँकर चालू. पाऊस पडला की वरून गोडं भरेल, पण खारं एका पावसाळ्यात मागे हटत नाही म्हणतात.

पण झोप उडालीये ती वेगळ्याच गोष्टीने. काकीची विहीर माझ्या मोटरपासून बारा पावलांवर, तीपण मचूळ झालीये. ती म्हणते, यंदा दर्या कोपलो. आणि मी मान हलवली रे दिग्या. रोज टँकरचा एक हंडा नेऊन देतो तर ती मला आशीर्वाद देते, काल तर घावणे पाठवले. खाल्ले मी.

नव्या फ्लॅटचं अभिनंदन, पोरीचं दहावीचं काय झालं ते कळव. गणपतीला ये. आणि येशील तेव्हा काकीसमोर बसून ते चित्र पुन्हा काढ, मोटर कुणाची ते मी सांगतो.

तुझा,
पक्या