रबाळ्याच्या लॅबमधल्या काकांना

काका,
सा. न. वि. वि.

माझा प्रबंध गेल्या आठवड्यात जमा झाला. ऋणनिर्देशाच्या पानावर मॅडम आहेत, विभागप्रमुख आहेत, आईबाबा आहेत, गणपतीबाप्पासुद्धा आहे. तुम्ही नाही. बाइंडिंग होऊन आल्यावर लक्षात आलं आणि घास उतरेना. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. नाव मात्र घालत नाही, कारण फोनवर तुम्हीच म्हणालात, "नाव नको गं, उगाच पार्टी मागतील."

माझे पहिले दोन आठवडे आठवतात ना? रक्तातून डीएनए काढणं, पुस्तकात दीड पानाचं काम. तांबड्या पेशी फोडून ओतून द्यायच्या, त्यांच्यात केंद्रकच नसतं. उरलेल्या पांढऱ्या पेशी डिटर्जंटने फोडायच्या, प्रोटीनेज के घालून ५६ अंशांवर ठेवायच्या, म्हणजे प्रथिनं पचतात. मग फिनॉल-क्लोरोफॉर्म, ती प्रथिनं वेगळी काढायला. सगळं तसंच केलं आणि मशीनवर २६०/२८० चा, म्हणजे डीएनए किती शुद्ध ते सांगणारा, आकडा आला १.४. शुद्ध डीएनएला तो १.८ च्या आसपास लागतो. पुन्हा केलं, १.५. तिसऱ्यांदा आकडा जरा बरा, तर जेलवर, जिथे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे होतात, ठसठशीत पट्टा उमटायच्या जागी वरून खालपर्यंत नुसता फराटा. "प्रोटोकॉल नीट वाच," एवढंच ऐकायला मिळालं. वाचला होता हो. पाठ होता!

तुम्ही सिंकवर काचसामान विसळत होतात. हात पुसत आलात आणि विचारलंत, "नळी व्होर्टेक्सवर धरलीस ना?" धरली होती, त्या गरगर घुसळणाऱ्या यंत्रावर, चांगली अर्धा मिनिट. "पेशी फुटेपर्यंत काय ते हलव. एकदा फुटल्या की आतला धागा मोकळा. मग घुसळलंस की त्याचे तुकडेच." मग नळी दोन बोटांत धरून तुम्ही ती उलटी केलीत, सुलटी केलीत, झोपलेल्या बाळाची कूस बदलावी इतक्या हळू. मी मोजत होते. पन्नास वेळा.

सेंट्रिफ्यूजमधून काढल्यावर खाली फिनॉल, वर पाण्यासारखा नितळ थर, आणि मधोमध प्रथिनांची पांढुरकी साय. डीएनए वरच्या थरात. नमुना थोडा, म्हणून मी रोज तो शेवटच्या थेंबापर्यंत ओढायचे. तुम्ही पिपेटला लावायच्या प्लॅस्टिकच्या टिपचं टोक कात्रीने कापलंत, तोंड रुंद असलं की धागा तुटत नाही म्हणून, आणि वरचं वरचं तेवढं उचललंत. पाचवा हिस्सा तरी नळीतच सोडलात. माझा जीव तुटत होता. "लोभ नको. साय आली की सगळं नासलं."

मग सोडियम ॲसिटेट, आणि थंडगार इथेनॉल, द्रावणाच्या दुप्पट. तो क्षण मी विसरणार नाही. पाण्यात साखर विरघळताना दिसते तशी आधी नुसती थरथर दिसली, आणि तिच्यातून पांढरा तंतू जमत गेला, वात वळताना बोटाला चिकटून राहतो तसा. पाच मिली रक्तातून जेमतेम दीडशे मायक्रोग्रॅम. पण डोळ्यांना दिसत होता! धुऊन, वाळवून बफरच्या द्रावणात घेतला. आकडा १.८२. मी किंचाळले. तुम्ही तोवर परत सिंककडे.

त्या संध्याकाळी ठाण्याच्या लोकलमध्ये मी तुम्हाला फ्रिडरिश मिशरची गोष्ट वाचून दाखवली होती. १८६९ साली ट्युबिंगनमध्ये त्याने दवाखान्यातल्या जखमांच्या पट्ट्यांवरचा पू धुतला, त्यातल्या पांढऱ्या पेशींच्या केंद्रकातून हेच द्रव्य पहिल्यांदा वेगळं काढलं आणि त्याला न्यूक्लीन म्हटलं. पू ऐकून समोरच्या बाईंनी तोंड फिरवलं. तुम्ही मात्र ऐरोली गेल्यावर, बऱ्याच वेळाने विचारलंत, "आणि त्या पट्ट्या त्याला आणून कोण द्यायचं?"

मी पान उलटून पाहिलं. मी वाचत होते त्यात ते नव्हतं.

प्रबंधाची एक जादा प्रत काढलीय. ऋणनिर्देशाखाली पेनाने एक ओळ वाढवलीय, तिथे नाव आहे, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. पार्टी मागणाऱ्यांना ती दाखवू नका. शुक्रवारी आणून देते. डब्यातलं सुकट तेवढं राखून ठेवा.

तुमची,
रोज डबाभर टिपा वाया घालवणारी