रात्रीचं एड स्टेशन सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांना

सप्रेम नमस्कार.

शंभर किलोमीटरच्या डोंगरवाटेवरच्या धावण्याच्या शर्यतीत मध्यरात्रीनंतर एड स्टेशनला, म्हणजे वाटेतल्या खाण्यापिण्याच्या आणि मदतीच्या थांब्याला, पोहोचणाऱ्या माणसाच्या उत्तरांवर फारसा भरवसा ठेवता येत नाही. भूक आहे का विचारलं तर तो नाही म्हणतो, आणि खाण्याची सर्वांत जास्त गरज त्याला तेव्हाच असते. तुम्ही विचारलंत ते वेगळंच: शेवटची लघवी कधी झाली, रंग कसा होता? या दोन प्रश्नांसाठी तुमचे पहिले आभार.

बोटं सुजलेली, घड्याळाचा पट्टा रुतलेला, मळमळ, डोकं ठणकतंय, अशा माणसाला पाहून कोणीही मायेने पाण्याची बाटली पुढे करील. तुम्ही ती मागे घेतलीत. घामातून मीठ जात असताना तहानेपेक्षा जास्त साधं पाणी पोटात गेलं, की रक्तातलं सोडियम लिटरला १३५ मिलिमोलच्या खाली उतरू शकतं; फार उतरलं तर मेंदूला सूज येते. म्हणून पाणी थांबवून खारट सूप, तेही थोडं थोडं, आणि बरळायला लागला तर थेट डॉक्टरकडे. लघवी काळपट, कोलासारखी होत असेल तर पुढे सोडायचं नाही, हेही तुम्ही पाळलंत. वेदनाशामक मागणाऱ्यांना आयबुप्रोफेन दिलं नाहीत. स्नायू झिजून त्यांचा कचरा आधीच मूत्रपिंडात उतरत असतो, त्यात हे औषध तिथला रक्तपुरवठा कमी करतं. तेव्हा अनेकांना तुमचा राग आला असेल. तुमचंच बरोबर होतं.

खुर्चीचंही तसंच. धावणं थांबलं की शरीराची उष्णता निर्मिती झपाट्याने घटते आणि घामाने भिजलेला शर्ट दहा मिनिटांत हुडहुडी भरवतो. आधी कोरडा शर्ट, वर वाराबंद जाकीट, मग बसणं, हा क्रम तुम्ही कुणालाही मोडू दिला नाहीत. ओल्या कपड्यांवर नुसती चंदेरी फॉइल गुंडाळून भागत नाही. आल्याआल्या भोवळ आलेल्यांना खुर्चीत न कोंबता आडवं करून पाय उंच धरलेत, तेही अचूक: पोटऱ्यांचं पंपिंग अचानक थांबल्याने रक्त पायांत साचतं, ते असं परत वर येतं.

रात्री रेंज नसताना तुमची वही हीच खरी सुरक्षा. बिब नंबर (धावपटूच्या छातीवरचा क्रमांक), आल्याची वेळ आणि निघाल्याची वेळ, दोन्ही वेगळ्या रकान्यांत. नुसती आल्याची नोंद असेल तर माणूस तंबूत झोपलाय की खिंडीपलीकडे वाट चुकलाय, हे वॉकीटॉकीवरून पुढच्या स्टेशनला कसं सांगणार?

आणि वाट दाखवणाऱ्या त्या रिबिनी! वळणाआधी एक, वळणावर एक, वळल्यावर वीसेक मीटरवर तिसरी, चुकीच्या फाट्यावर आडवी फुली. तिसरी नसली की धुक्यात माणूस बावचळतो, कारण हेडलॅम्पचा झोत धुक्यावरून डोळ्यांतच परततो आणि दहा पावलांपुढचं दिसत नाही. (दिवा कमरेपाशी धरला तर थोडं बरं दिसतं.) गुरं रिबिनी चावतात, वारा गुंडाळतो, म्हणून आदल्या दिवशी लावलेली वाट तुम्ही शर्यतीच्या सकाळी पुन्हा चाललात.

पाण्याचा हिशेब तर मांडून पाहावा असा आहे. २०० धावणारे, प्रत्येकी दीड लिटर, म्हणजे ३०० लिटर. गाडी खिंडीपर्यंत जात नसेल तर २० लिटरच्या कॅनच्या १५ खेपा पाठीवरून. हे सगळं मजुरी देऊन करून घ्यायचं म्हटलं तर प्रवेश शुल्कातून स्थानिक संस्थांसाठी काय उरेल? जिथे एड स्टेशन चालवणाऱ्या गटाच्या संस्थेलाच, मग ती शाळा असो, वाचनालय असो की डोंगरातलं बचाव पथक, निधी दिला जातो, तिथे त्या रकमेला आम्ही दान म्हणणार नाही. ती तुमच्या खेपांची, जागरणाची कमाई आहे. जिथे तसं होत नाही, तिथे ते सुरू व्हावं, असं आम्ही आयोजकांना सांगत राहू.

शर्यतीनंतर रिबिनी काढणं, कचरा खाली आणणं यासाठी बहुतेकदा तुमच्यातलेच चार-पाच जण उरतात. पुढच्या वेळी त्या कामात आम्ही आहोत. ज्यांचे पाय दुसऱ्या दिवशी चालतील, ते खिंडीकडचा चढ घेतील. ज्यांचे चालणार नाहीत, ते पायथ्याशी बसून रिबिनी मोजतील, कारण लावल्या तितक्या परत आल्या का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. कुठला टप्पा कुणाकडे, तेवढं कळवा.

तुमचे,
त्या रात्री तुमच्या दिव्याकडे चालत आलेले धावपटू