आठ वाजता म्हणजे कधी?

किगाली, रवांडा

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, शिकवायचे पैसे किती मिळतात? काहीच नाही. आम्ही मुलांकडूनही काही घेत नाही. संध्याकाळी सहाला इथे बारा महिने दिवेलागण होते, तेव्हा वर्ग भरतो. कुणी बांधकामावरून येतं, कुणी मोटो म्हणजे दुचाकी टॅक्सी चालवून, कुणी धुणीभांडी आटपून. इंग्रजी, अर्ज लिहिणं, मुलाखत, थोडं एक्सेल. आधी वर्ग दुपारी होता, पण दुपारी आलं की दिवसाची मजुरी बुडते. फी माफ केली म्हणून शिक्षण फुकट होत नाही, हे मला इथे कळलं.

ही मुलं अडाणी नाहीत हो. घरी किन्यारवांडा, आणि शाळेत आधी फ्रेंच. 2008 मध्ये सरकारने शिक्षणाचं माध्यम इंग्रजी करायचं ठरवलं, तेव्हा कित्येक गुरुजींनाच इंग्रजी येत नव्हतं. मुलं काय शिकणार? आता हॉटेलात, बँकेत, दुकानाच्या गल्ल्यावर, सगळीकडे इंग्रजीच विचारतात.

एक मुलगी आहे, शिवणकामात हात इतका साफ की आई, तू बघत राहशील. तिला एका ठिकाणाहून फोन आला, उद्या 'एट ओ-क्लॉक'ला या. ती दुपारी दोनला गेली. इथे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे पहिला तास, आठ म्हणजे 'सा म्बिरी', दुसरा. आणि 'सा मुनानी', आठवा तास, म्हणजे दुपारचे दोन. तिने 'एट' बरोबर ऐकलं, अर्थही बरोबर लावला, फक्त आपल्या घड्याळाने. तिथे कुणी कारण विचारलं नाही. उशिरा आली, परत पाठवली. वर्गात सांगताना ती रडली नाही, ओढणीचं टोक मात्र पिळत राहिली. मलाच रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी व्याकरणाचं पुस्तक मिटलं. पुठ्ठ्याचं घड्याळ केलं, बाहेर इंग्रजी आकडे, आत त्यांचे. दोन तास नुसती वेळच विचारत बसलो. फोनवर न लाजता "सकाळी की दुपारी?" असं उलट विचारायचं, हेही घोकून घेतलं. त्यालाच सगळ्यात जास्त वेळ लागला. मोठ्या माणसाला उलट विचारायचं त्यांच्या जिवावर येतं.

बाबा, तुम्ही गिरणीतली पाळी संपवून परळच्या रात्रशाळेत जायचात. पेंग आली की तुमचे सर काय करायचे? आमच्याकडे साडेसातनंतर माना पडायला लागतात, आणि रागवायला माझी जीभ उचलत नाही. जरूर कळवा.

त्या मुलीला दुसरीकडून बोलावणं आलंय. मंगळवार, सकाळी आठ. तिने तळहातावर दोन्ही लिहून आणलं होतं: आठ, आणि खाली सा म्बिरी.

आई, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
धाकटी