मागच्या गटाराबाबत चौथे पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष,
सहकारी गृहनिर्माण संस्था,
नंदा तळ्याजवळ, कुडचडे, गोवा

विषय : बी विंगच्या मागच्या गटारात मासळीचे पाणी सोडण्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

ऑक्टोबरात, डिसेंबरात आणि शिगम्याच्या आधी अशी तीन पत्रे मी दिली. तिन्हींवर सचिवांची पोच आहे, उत्तर एकाचेही नाही. तोंडी तेवढे दोनदा ऐकले, "सर, जरा सांभाळून घ्या." सांभाळून घेतले म्हणूनच दीड वर्ष गेले.

आमच्या खालचे तळमजल्यावरचे शेजारी पहाटे साडेचारला मासळीचा टेम्पो मागच्या नळावर धुतात. बर्फाचे पाणी, रक्त, खवले सगळे गटारात, आणि गटार कुंपणाखालून थेट तळ्याकडे. थर्माकोलची फुटकी खोकी कुंपणापलीकडे टाकतात. गेल्या रविवारी मी काठीने ओढून 11 खोकी बाहेर काढली. वयाच्या 67व्या वर्षी. वास बाजाराच्या बाजूने येतो, हे त्यांचे म्हणणे समितीने लगेच मान्य केले. मग गेल्या वर्षी 1 जून ते 31 जुलै ट्रॉलरांना बंदी होती, टेम्पो उभा होता, तेव्हा हा वास कुठे गेला होता? बाजार तर रोज भरत होता.

मी 2014 साली इथे आलो तो तळ्यासाठी. मडगावात त्याच पैशांत एक खोली आणि समोर दुसऱ्याची भिंत मिळत होती. इथे मागच्या बाल्कनीतून पाणी दिसते, अडया म्हणजे शीळ घालणारी रानबदके उतरतात, कमळपक्षी पानांवरून चालतात, आणि रेल्वे स्टेशन हाकेच्या अंतरावर. पेन्शनीत बसणारी अशी जागा गोव्यात आता कोणाला मिळते? हेच तळे 2022 साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेले. गोव्यातले पहिले. जेमतेम 42 हेक्टरांचे पाणी, पण साठवलेल्या पाण्यावर खालच्या शेतांत भात होते आणि लोक त्यातच मासे धरतात. आपले गटार त्या भातात आणि त्या माशांत जाते, हे समितीतल्या एकालाही खटकू नये?

पाणथळ जागांसंबंधीचे 2017चे नियम मी वाचले आहेत. अशा जागेत घनकचरा टाकायला आणि वस्तीचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडायला मनाई आहे. ध्वनिप्रदूषणाचे 2000चे नियम रात्री दहा ते सकाळी सहा शांतता सांगतात, आणि टेम्पोतली गाणी साडेचारला सुरू होतात. झेरॉक्स सोबत जोडली आहे, महत्त्वाच्या ओळींखाली रेघा मारल्या आहेत.

हा विषय भाषेचा किंवा धर्माचा करू नका, असे सचिव मला म्हणाले. हे मला फार लागले. या इमारतीत कोकणी, मराठी, कन्नड, हिंदी, तेलुगू सगळे ऐकू येते आणि मला तेच आवडते. विजापूरच्या गवंड्याच्या मुलीला दहावीचे गणित मी शिकवले, एक पैसा न घेता. नाताळात तिसऱ्या मजल्यावरून कुसवाराचे म्हणजे गोडाधोडाचे ताट येते, चवथीला आमच्याकडून करंज्या जातात. त्याच चवथीला आम्ही गणपतीवर बांधायच्या माटोळीचे सामान घेऊन रिक्षातून उतरलो, तेव्हा गेटात हा टेम्पो आडवा होता. अर्धा तास. मी तेव्हाही लेखी तक्रार केली नाही. माझ्या स्कूटरच्या जागेत त्यांची खोकी दोन महिने होती, तेव्हाही नाही.

ए विंगमधल्या तीन घरांना, पहिल्या मजल्यावरच्या बाईंना आणि वॉचमनलासुद्धा हा त्रास होतो. सही करायला ते संकोचतात, कारण मासळी त्यांना तिथूनच स्वस्त मिळते. पण मनातून सगळे माझ्या बाजूचे आहेत.

त्या गृहस्थांचा धंदा बंद करा असे मी म्हणत नाही. घर चालवायला त्यांनाही कमवावेच लागते. मागचा नळ तोडावा. टेम्पो पुढच्या गेटापाशी, आपल्या बेडरूमच्या खिडकीखालच्या नळावर धुऊ द्यावा, तिथे शोषखड्डा आहे. वेळ मात्र सहानंतरची. मागच्या भिंतीवर पाच भाषांत पाटी लावावी. मराठी आणि कोकणी मजकूर मी लिहून ठेवला आहे, कन्नड ती गवंड्याची मुलगी लिहील, हिंदी-तेलुगू समितीने बघावे. रंगाचे पैसे मी देतो. मागच्या फाटकाची एक किल्ली माझ्याकडे असावी, म्हणजे खोकी काढायला कुंपणावर चढावे लागणार नाही.

या महिन्याच्या सभेत हा विषय पहिला घ्यावा. मागच्या दोन सभांत तो शेवटी ठेवला, आणि चहा आला तशी सभा संपली.

समितीतल्या कोणीही येऊन बघावे. मी साडेचारला मागच्या बाल्कनीत जागाच असतो. दार उघडे ठेवीन.

आपला,
बी-204
(निवृत्त शिक्षक)