लालबागच्या काकांना, तालमीच्या पोरांकडून

काका, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, कुकर झाला, ठेवतो" म्हणता. दोनदा झालं. तेव्हा आता हे उघडं पत्रच लिहितो. नातू वाचून दाखवील. तुमच्या चाळीतल्या लोकांनाही कळू दे, की जिन्याखालच्या बाकावर दुपारी पेपर घेऊन बसणारा माणूस मे महिन्यात काय करत होता.

फुटबॉलच्या स्पर्धेसाठी त्या सकाळी कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं सीएसएमटीला उतरलो तेव्हा माझ्यासोबत आमच्या तालमीच्या संघातली सोळा पोरं, चेंडूंची एक जाळी आणि कुणाच्या तरी आईनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा होता. राहायची सोय फोनवर पक्की झालेली, ॲडव्हान्स गेलेला. दारात पोचल्यावर कळलं, खोल्या दुसऱ्याच कुणाला दिल्यात. फूटपाथवर पोरं बॅगांवर बसली. लालबागच्या खानावळीत जेवणाऱ्या आमच्या गावच्या एका पोराकडून तुमचा नंबर मिळाला. तासाभरात तुम्ही मंडळाच्या हॉलची किल्ली काढलीत, काकूंना पोह्यांचं सांगितलंत आणि पोरांच्या बॅगांकडं बघत मला विचारलंत, "बूट कसले आणलेत?"

खरं सांगतो, हा प्रश्न मला कोल्हापुरात कुणी विचारला नव्हता. आमचं मैदान मातीचं. मातीवर चेंडू अडखळतो, खेळाडूला श्वास घ्यायला वेळ मिळतो. पोरांचे बूट त्याच मातीचे, लांब स्टडचे, म्हणजे तळाला लांब दाते असलेले. इथं सामने होते कृत्रिम गवतावर. त्यावर चेंडू सुळ्ळकन निघून जातो, लांब स्टड अडकतो आणि गुडघा पिरगळतो. संध्याकाळपर्यंत तुम्ही नऊ जोड टर्फचे बूट गोळा केलेत. नातवाचे, त्याच्या मित्रांचे, तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाचे तरी. आमच्या गोलकीपरला मिळाले ते नऊ नंबरचे, पाय त्याचा आठचा. तुम्ही बाकावरचा पेपर फाडून पुढं कोंबलात आणि अंगठा दाबून बघितलात, लहान पोराला शाळेचे बूट घेताना बघतात तसा. पुलाखालच्या टर्फवर रोज पहाटे एक तास मिळाला, तो फुकट होता असं मी समजत होतो. पैसे तुम्ही भरलेत, हे टर्फवाल्यानं मला निघायच्या दिवशी सांगितलं.

मग तो कॅरम. सोंगट्यांचे खेळाडू करून तुम्ही बोर्डावर सामना मांडलात. दोन संघांचे अकरा अधिक अकरा बावीस, आणि कॅरममध्ये नऊ पांढऱ्या, नऊ काळ्या, एक राणी. तीन कमी पडले म्हणून काकूंच्या शिवणाच्या डब्यातून तीन बटणं आली. राणी आमची गोलकीपर झाली, आणि त्या पोराला अख्खी स्पर्धा सगळ्यांनी "राणी" म्हणून छळलं. तुम्ही पोरांना धीरबीर द्या, जिद्द ठेवा असलं काही बोलला नाहीत. एक काळी सोंगटी बोटानं पुढं सरकवलीत आणि म्हणालात, "ह्या अकादमीवाल्यांचा लेफ्ट बॅक, डावीकडचा बचाववाला, वर जातो. गेला की मागं काय उरलं?" पोरं बोर्डाकडं बघत राहिली. रिकामी लाकडी फळी.

त्याच रात्री आपलं वाजलं. मी म्हणालो, छोट्या गावचा क्लब मोठ्या शहराला भारी पडू शकतो, मिझोरामचं ऐजॉल बघा. २०१६-१७ ची आय-लीग, तेव्हाची देशातली मोठी फुटबॉल लीग. आदल्या हंगामात खाली घसरलेला संघ, गोव्याचे क्लब बाहेर पडले म्हणून परत आत घेतलेला, आणि त्यानं कोलकात्याच्या मोहन बागान, ईस्ट बंगालला मागं टाकून लीग जिंकली. तुम्ही पेपरच्या कडेला पेनानं मांडलंत: अकरा विजय, चार बरोबरी, तीन हार, ३७ गुण. मोहन बागान ३६. "एका गुणानं. आणि सामने किती? अठरा. ह्याचे तीस केले असते तर टिकले असते का?" मग हसलात. "आणि कोच कुठला रे?"

खालिद जमील. सात वर्षं मुंबई एफसीचा कोच. खेळाडूंपैकी जयेश राणे, आशुतोष मेहता हेही आधी मुंबई एफसीचेच. आणि त्याच हंगामात मुंबई एफसी टेबलाच्या तळाला. "म्हणजे आमचीच माणसं नेऊन आम्हाला दाखवलं," तुम्ही म्हणालात, आणि त्यात राग कमी, समाधान जास्त होतं असं मला वाटलं. मी हट्टानं सांगितलं की ते एका वर्षाचं नव्हतं. मिझोरामची स्वतःची लीग २०१२ ला सुरू झाली, २०१४ ला त्यांनी राज्यांच्या संघांची संतोष ट्रॉफी घेतली, तेव्हा पोरं तयारच होती. ते तुम्ही मान्य केलंत. पण तीसचा प्रश्न तसाच राहिला.

उपांत्यपूर्व सामन्याचं सगळ्यांना माहीत आहे, फार लिहीत नाही. समोरच्या अकादमीवाल्यांकडं फिजिओ, प्रत्येकाच्या पाण्याच्या बाटलीवर नाव, बाकावर नऊ राखीव. लेफ्ट बॅक वर गेला, आमचा सात नंबर रिकाम्या फळीवर धावला. एक-शून्य. सामना संपल्यावर मी उड्या मारत होतो आणि तुम्ही विचारत होतात, "किती जणांच्या पायात गोळे आलेत?" तिघांच्या. रात्री तुम्ही बाजारातल्या मासेवालीकडून बर्फाची पिशवी आणलीत. पोरांच्या पिंढऱ्यांना सकाळपर्यंत बोंबलाचा वास येत होता, पण पाय हलके झाले.

तरी उपांत्य सामना आम्ही तीन-शून्यनं हरलो. पाच दिवसांतला चौथा सामना. तासाभरात आमच्याकडं बदलायला धड उभं राहू शकेल असं कुणी नव्हतं, त्यांच्याकडं पाच ताजे. तुम्ही "मी सांगितलं होतं" म्हणाला नाहीत, हे विशेष. मी म्हणालो असतो.

निघायच्या दिवशी तुम्ही पोरांना कूपरेजच्या फुटबॉल मैदानाच्या कुंपणाशी नेलंत. मुंबईची जुनी स्पर्धा रोव्हर्स कप १८९१ पासूनची, पहिली कितीतरी वर्षं तो कप गोऱ्या पलटणींनी वाटून घेतलेला, आणि १९३७ ला बंगळूर मुस्लिम्सनं तो नेला, हे तुम्ही असं सांगत होतात की जणू तुम्ही तिथं होतात. मग आवाज खाली आला. रेल्वेकडून तुम्ही जिथं खेळलात, तिथं समोर उभे राहणारे गिरण्यांचे, कंपन्यांचे संघ कुठं आहेत आता? महिंद्र युनायटेडनं २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० ला संघच बंद झाला. मुंबई एफसीही गेली. आमच्या तालमी कुस्तीच्या लाल मातीतून फुटबॉलमध्ये आल्या, त्यांना मालकच नाही, त्यामुळं त्या बंद कोण करणार? भांडणं मात्र भरपूर, कोच दर वर्षी बदलतो, कारण नवीन कमिटीला जुन्या कमिटीचा माणूस चालत नाही. हे मी तिथं बोललो नाही. पाहुणा होतो.

तुमच्या तीसच्या प्रश्नाचं उत्तर मला परतीच्या गाडीत मोबाईलवर सापडलं. आधी तुमच्या बाजूचं सांगतो. फ्रान्समधलं गँगाँ, सातेक हजार वस्तीचं, २००९ आणि २०१४ ला फ्रेंच कप जिंकलं, दोन्ही वेळा शेजारच्या मोठ्या रेन शहराला हरवून. पण २०१९ ला पहिल्या दर्जाच्या लीगमधून खाली गेलं. कप जमतो, लीग जड जाते, हे तुमचंच म्हणणं. आता माझ्या बाजूचं. नॉर्वेत पार उत्तरेला बोडो नावाचं गाव आहे, वस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर. १९७२ पर्यंत त्या भागातल्या क्लबांना वरच्या लीगमध्ये चढूच देत नसत. त्यांच्या बोडो ग्लिम्टनं २०२०, २०२१, २०२३ आणि २०२४ ला लीग जिंकली. २०२१ ला इटलीच्या रोमा क्लबला सहा-एक घातले ते वेगळेच. आणि काका, त्या लीगमध्ये सामने तीस. २०१८ पासून कोच तोच, खेळायची पद्धत तीच. चांगला खेळाडू विकला जातो, पण त्याच्या जागी येणारा तेच शिकून आलेला असतो.

तेव्हा मी कमिटीपुढं दोन मागण्या ठेवल्यात. तीन वर्षं कोच बदलायचा नाही. आणि बारा वर्षांखालच्या पोरांपासून मोठ्यांपर्यंत सगळ्यांनी एकाच पद्धतीनं खेळायचं, वाटल्यास कॅरमवर शिकवून. पहिल्या मागणीवर रात्री अकरापर्यंत भांडण चाललं. दुसरी लगेच पास झाली, कारण तिला पैसे लागत नाहीत.

बूट नऊही जोड धुऊन, उन्हात वाळवून पाठवलेत. नऊ नंबरच्या जोडात पेपर अजून तसाच आहे, तो काढू द्यायला पोरगा तयार नव्हता. सोबत चटणी आहे, काकूंना तिखट लागेल, दही घालून घ्या म्हणावं. पुढच्या मे महिन्यात येतोय, या वेळी वीस पोरं घेऊन. बाकावर चार जास्त.

आणि मंडळाच्या कॅरममध्ये राणी सापडत नसेल तर चाळीतल्या पोरांवर ओरडू नका. तिन्ही बटणं पाकिटात घातलीत. राणीचं मी आमच्या गोलकीपरला विचारतोय, तो ऐकून न ऐकल्यासारखं करतो.

तुमचा,
तालमीचा सचिव