लॉन चेनी आणि त्याचे आई-वडील

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला लॉन चेनीवरचा लेख वाचून कालपासून अस्वस्थ आहे. हॉलिवूडच्या मूकपटांतल्या नटाला अर्धं पान दिलंत, त्याबद्दल आभार. पण त्याच्या सोंगांमधलं कुबडाचं वजन, नाकपुड्यांतल्या तारा, बांधलेले पाय यांवर इतकं लिहिताना त्याच्या आई-वडिलांसाठी एक ओळही निघू नये? दोघांनाही ऐकू येत नव्हतं. कोलोरॅडो स्प्रिंग्जमधली कर्णबधिरांची शाळा १८७४ मध्ये आईच्या वडिलांनीच काढलेली. पुढे आई अंथरुणाला खिळली, तेव्हा गावात काय घडलं ते हा पोरगा हातांनी आणि चेहऱ्याने तिला करून दाखवायचा. त्याचा अभिनय तिथे घडला, मेकअपच्या पेटीत नाही.

हे मला लागलं, कारण माझ्याही आई-वडिलांना ऐकू-बोलू येत नसे. आठ वर्षांची असताना मी वडिलांबरोबर बँकेत गेले होते. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मुक्याला काय विचारायचं? पोरी, तूच सांग." मी खुणा केल्याच नाहीत. वडिलांनी मात्र त्याचा चेहरा वाचला होता. घरी येऊन त्यांनी त्या भुवया, तो वाकडा ओठ आईला जसाच्या तसा करून दाखवला. आई हसली नाही. तिने त्यांचा हात धरून ठेवला.

'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' या १९२३ च्या चित्रपटात चेनीने साकारलेला क्वासिमोदो, चर्चमधला कुबडा घंटावाला, घंटांच्या नादाने बहिरा झालेला आहे. त्याला पाहताना मला आमचं घर आठवतं. लेखात त्याच्या बहिरेपणाचा उल्लेखच नाही! 'टेल इट टू द मरीन्स'मध्ये तर चेनीने चेहऱ्यावर कुठलंही सोंग चढवलं नव्हतं, तरी तो सार्जंट मनात राहतो. आणि ज्याचा आवाज आई-वडिलांनी कधी ऐकला नाही, त्याने १९३० मध्ये आपल्या एकमेव बोलपटात पाच आवाज काढले, ते आपलेच असल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं आणि त्याच ऑगस्टमध्ये, ४७ व्या वर्षी, तो गेला. याहून लिहिण्याजोगं काय असतं?

शिवाय लेखातला मोठा फोटो त्याचा नाही. १९४१ चा तो लांडगा-माणूस त्याच्या मुलाने साकारला होता. तोही लॉन चेनी याच नावाने काम करायचा. तेव्हा वडिलांना जाऊन ११ वर्षं झाली होती. येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा